पूर ओसरला म्हणून लगेच भिंती रंगवू नका

शिरोळ तालुक्यात नदीकाठाला घर आहे, त्यामुळं २००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर बघून झालेत. पाणी उतरलं की पहिल्यांदा घर धुवायची गडबड होते, पण त्याआधी मोबाईलवर फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेली पोती, पडलेला गोठा सगळं दिसलं पाहिजे, कारण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत तुम्ही सगळं स्वच्छ करून बसलेले असता आणि मग दाखवायला काय उरत नाही. लाईट बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय आत जाऊ नका. गोठ्यात काठी आपटत शिरा, वैरणीखाली साप बसलेला असतो.

गाळ मात्र ओला आहे तोवरच काढा. एकदा वाळला की असा घट्ट बसतो की फावड्यानं खरवडताना खालचा कोबा पण निघून येतो.

आता भिंतीचं. २०१९ ला आमच्या सोप्यात कमरेएवढं पाणी होतं, ऑगस्टमध्ये उतरलं आणि दिवाळीला पाहुणे येणार म्हणून आम्ही डाग दिसायला नको असा मस्त ऑइलपेंट मारला. मार्चपर्यंत पापडासारखे पोपडे सुटले, नख लावलं की आतनं ओली माती! पैसे गेले ते गेलेच वर घरच्यांची बोलणी वेगळी. पक्क्या विटेची भिंत वाळायला ढोबळमानानं इंचाला एक महिना धरा, म्हणजे नऊ इंची भिंत दोन्हीकडनं वारं लागलं तरी चार-पाच महिने घेणारच. कपाटं, कॉट भिंतीपासून हातभर लांब ओढा, खिडक्या उघड्या ठेवा. प्लास्टरवर बोटानं टकटक करा, पोकळ आवाज आला तेवढं पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत पाडून टाका. भिंत वाळली का बघायचं असलं तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूनं चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा, सकाळी आतनं दव धरलं असेल तर अजून थांबा. पांढरा लोणा फुटला तर कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत घ्या, पाण्यानं धुतला की तेच मीठ परत भिंतीत मुरतं.

भेंड्याची म्हणजे कच्च्या विटांची, नाहीतर मातीची भिंत असेल तर जास्तच जपा. ती पाण्यात उभी राहिली तरी पाणी गेल्यावर वाळता वाळता बसू शकते, आमच्या शेजारचा गोठा असाच ऊन पडल्यावर गेला. पोट आलेलं दिसलं की टेकू द्या आणि त्या बाजूला जनावर बांधू नका, पोरं पण नकोत. दुरुस्ती मातीनंच करा, भुस्सा घालून चार दिवस कुजवलेला चिखल. वरनं सिमेंट मारलं की आतली ओल आतच राहते आणि सिमेंट एक दिवस ताटासारखं सुटून पडतं, पण गवंड्याला हे सांगा बघू, तो ऐकतोय व्हय!

तोवर भिंत उघडी बरी दिसत नसेल तर कळीचा चुना मारा, त्यातनं भिंत श्वास घेते आणि बुरशीपण कमी धरते. चुना भिजवताना उकळतो, प्लास्टिकची बादली वाकडी होते म्हणून पत्र्याचं पिंप घ्या, डोळ्यात उडू देऊ नका. गोठ्यात खाली कोरडं राहील असं बघा, ओल्यात उभं राहून खुरं सडतात. काळी बुरशी आलेला कडबा मात्र वाया जातोय म्हणून जनावरापुढं टाकू नका, सरळ उकिरड्यात.

वायरिंग वायरमनला दाखवल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही, मोटारीचा स्टार्टर पण उघडून वाळवून घ्यायचा. आम्ही २०१९ च्या रेघेवर एक खिळा मारून ठेवलाय आणि घरातले बोर्ड आता सगळे त्या खिळ्याच्या दोन फूट वर घेतलेत, पोरांना लाईट लावायला स्टूल लागतो एवढंच.