गावाच्या ‘खुशखबर’ ग्रुपचे नियम कसे ठरवावेत

रत्नागिरीकडचं आमचं गाव पाच वाड्यांचं. निम्मी माणसं मुंबईत, नालासोपाऱ्यात, विरारला. सगळ्यांना गावचं बरं वर्तमान कळावं म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त चांगल्या बातम्यांचा एक ग्रुप काढला. पहिल्या दोन महिन्यांत तो सुप्रभात, सुविचार आणि वाढदिवसाच्या बॅनरनी भरून गेला. साकव दुरुस्त झाल्याची बातमी त्या ढिगाखाली गेली आणि चाकरमान्यांना ती गणपतीला गावी आल्यावर कळली. मग आम्ही नियम लिहायला बसलो. तुमच्या गावाचा, सोसायटीचा किंवा भावकीचा असा ग्रुप असेल तर आमचा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल.

आधी जुने मेसेज वाचा

कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. मागच्या महिनाभराचे मेसेज वाचा आणि ज्यांनी खरोखर बरं वाटलं तेवढे वेगळे काढा. आमच्याकडे उरले ते असे: बंद पडलेली संध्याकाळची एसटी पुन्हा सुरू झाली, वरच्या वाडीत नळाला पाणी आलं, एकाची हापूसची पहिली पेटी वाशीला गेली, नर्सिंग शिकलेल्या मुलीला नोकरी लागली. चारही बातम्यांत माणूस आपला, जागा ओळखीची आणि गोष्ट घडून गेलेली. पहिला नियम त्यातूनच निघाला: ‘आपल्या माणसाची किंवा आपल्या गावची, घडून गेलेली गोष्ट.’ ‘मंजूर झाल्याचं समजतं’ हे यात बसत नाही. रस्ता मंजूर झाल्याची बातमी आमच्याकडे तीनदा आली, तेव्हा खडीचा एक डंपरही पडलेला नव्हता.

ज्याची बातमी, त्याची परवानगी

एकच नियम करणार असाल तर हा करा. आमच्या एका मुलीचं लग्न ठरल्याची बातमी शेजारणीने आनंदाने ग्रुपवर टाकली. मुलाकडची माणसं येऊन गेली होती, चहापोहे झाले होते, पण सुपारी फुटली नव्हती. दुपारपर्यंत अभिनंदनांचा पाऊस पडला. आठ दिवसांनी बोलणी फिसकटली. त्यानंतर कितीतरी दिवस ती मुलगी एसटीत चढली की कुणी ना कुणी विचारायचं, “मग, तारीख काय धरलीत गो?” आणि ती खिडकीबाहेर बघत राहायची. शेजारणीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला थांबवणारा नियमच आम्ही केला नव्हता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून बातमी ज्याची त्यानेच टाकायची, किंवा टाकणाऱ्याने खाली ‘विचारून टाकली आहे’ असं लिहायचं. हे तीन शब्द लिहायचे म्हटलं की माणूस आधी फोन करतो. लग्नाची बातमी साखरपुड्यानंतरच. बाळाची जन्मानंतरच, आणि तीही घरच्यांकडूनच. ‘पेढे की जिलेबी?’ असं विचारणं आम्ही बंद केलं. मुलगा असो वा मुलगी, ग्रुपवर पेढेच. कुणी दवाखान्यातून बरं होऊन आलं तर ‘घरी आले, तब्येत बरी आहे’ इतकंच लिहायचं. आजाराचं नाव आणि बिलाचा आकडा नको.

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस वेगळा धरा. बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच थांबवलं, आपण ती ग्रुपवर कशाला सुरू करायची? आमच्याकडे त्या दिवशी टक्के लिहीत नाहीत, ‘वाडीत पहिला’ असंही लिहीत नाहीत. नाव आणि ‘पास’ एवढंच. ज्या घरात मूल खोलीचं दार लावून बसलेलं असतं, त्या घरातही हाच ग्रुप उघडला जातो.

गोड बातमी जास्त तपासा

वाईट बातमीवर आपण शंका घेतो, गोड बातमी तशीच पुढे ढकलतो. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, ही खोटी बातमी २००८ पासून फिरते आहे. दिवाळीच्या रात्रीचा म्हणून दरवर्षी येणारा भारताचा रंगीत उपग्रह-फोटो दिवाळीचा नाहीच. १९९२ ते २००३ या काळात वस्ती आणि तिचे दिवे कसे वाढले, ते दाखवायला अनेक वर्षांची माहिती एकत्र करून ते चित्र बनवलेलं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याचं आपण सगळ्यांनी पाहिलं. ते डॉल्फिन होते सार्डिनिया बेटाच्या बंदरातले.

म्हणून आमचा नियम असा: मेसेजवर दोन बाणांची ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ ही खूण असेल तर तो या ग्रुपवर येणार नाही. बातमी आपल्या शब्दांत लिहायची आणि त्यात कोण, कुठे, कधी आणि तुम्हाला कसं कळलं, हे असायला हवं. ‘मी स्वतः बघून आलो’ याइतका मोठा पुरावा गावात दुसरा नाही. हरवलेलं मूल किंवा माणूस सापडलं, तर ती बातमी टाकताना आधीचा ‘हरवले आहे’ वाला फोटो सगळ्यांनी पुसावा, हेही लिहून ठेवा. नाहीतर मूल घरी जेवायला बसलेलं असतं आणि त्याचा फोटो महिनोन्महिने फिरत राहतो.

दुःखाच्या दिवशी काय

यावर आमचा सगळ्यात जास्त खल झाला. निधनाच्या बातमीला आमच्याकडे वेगळा ग्रुप आहे, पण ती इथे आली म्हणून कुणाला टोकायचं नाही. अ‍ॅडमिनने ती गुपचूप त्या ग्रुपवर न्यावी आणि त्या घरी फोन करावा. गावात मयत झालं असेल त्या दिवशी चांगल्या बातम्या थांबतात. ज्यांच्याकडे बातमी असते ती माणसं स्वतःच अ‍ॅडमिनला कळवतात, “उद्या टाकू या.” एका घरात चूल पेटलेली नसताना दुसऱ्या घरचे पेढे ग्रुपवर येऊ नयेत.

पैशांचं आवाहन, विक्री, क्यूआर कोड, पुढाऱ्याच्या फोटोचं अभिनंदन, हे सगळं बंद. त्यावर चर्चाही ठेवू नका.

अभिनंदनाला बोटाची खूण पुरे. मेसेजवर बोट दाबून धरलं की टाळ्या, हृदय जे हवं ते देता येतं. वयस्कर मंडळींना हे एकदा शेजारी बसून दाखवा, कारण शंभर ‘अभिनंदन’ आली की त्यांचाच फोन अडकतो. रात्री साडेनऊनंतर मेसेज नको. रात्रपाळीची माणसं सकाळी वाचतील.

नियम मोडला तर

नियम ग्रुपच्या वर्णनात टाका, म्हणजे ते कधीही वाचता येतात. अ‍ॅडमिन दोन तरी हवेत: एक गावातला, एक मुंबईतला, आणि त्यांत एक बाई असावी. लग्न-बाळंतपणाच्या बाबतीत कुठे थांबायचं हे तिला आधी कळतं. अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात. पण दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, दोघांचा त्यामागे संगनमताचा हेतू नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

मेसेज काढण्याआधी फोन करा. अ‍ॅडमिनने मेसेज पुसला की कुणी पुसला ते सगळ्यांना दिसतं, आणि गावात ते लागतं. “काका, बातमी छान आहे, फक्त मुलीला विचारलंत का?” एवढं विचारलं की काका बहुतेक वेळा स्वतःच काढून टाकतात. सरपंचांनाही हाच फोन करायचा.

आमच्या वर्णनात आज हे लिहिलेलं आहे, हवं तर तसंच उचला:

‘आपल्या गावची, घडून गेलेली, स्वतःच्या शब्दांतली बातमी टाका. दुसऱ्याची असेल तर विचारून टाका. टक्के, आजार, पैसे, पुढारी, फॉरवर्ड नको. रात्री साडेनऊनंतर नको. गावात मयत असेल तर उद्या.’

गणपतीत सगळे गावी आले की आरतीनंतर हे एकदा मोठ्याने वाचतो आणि कुणाला काही बदलायचंय का ते विचारतो. मागच्या खेपेला एका आजीने सुचवलं की पहिला पाऊस पडला तर तेवढी बातमी रात्री कितीही वाजता टाकू द्या. ते लगेच मान्य झालं.