‘स्थितप्रज्ञ’ कुणाला म्हणावं, कुणाला नाही

कशानंच ढिम्म न हलणाऱ्या माणसाला आपण सर्रास ‘स्थितप्रज्ञ’ म्हणून मोकळे होतो. तिथेच घोटाळा होतो.

आधी शब्द फोडून पाहा. ‘स्था’ म्हणजे उभं राहणं, टिकणं, त्यावरून ‘स्थित’. ‘प्रज्ञा’ म्हणजे नीट जाणणारी बुद्धी. विग्रह ‘स्थिता प्रज्ञा यस्य सः’ (ज्याची प्रज्ञा स्थिर आहे तो), म्हणजे बहुव्रीही समास; म्हणून शेवटचा ‘ज्ञा’ ऱ्हस्व होऊन ‘ज्ञ’ उरतो. स्थिर आहे ती बुद्धी. चेहऱ्याचा यात काही संबंध नाही.

मग गीतेचा दुसरा अध्याय उघडा. ५४व्या श्लोकात अर्जुन विचारतो, ‘स्थितप्रज्ञस्य का भाषा’. इथे ‘भाषा’ म्हणजे बोली नव्हे, लक्षण. उत्तर ५५ ते ७२ अशा अठरा श्लोकांत येतं. गांधीजींच्या आश्रमात सायंप्रार्थनेत हाच भाग म्हणत. सगळा वाचायला सवड नसेल तर निदान ५६वा वाचा: दुःखात उद्विग्न न होणारा, सुखाची हाव नसलेला, ‘वीतरागभयक्रोधः’, म्हणजे राग, भय आणि क्रोध सुटलेला. मराठी वाचक इथे हमखास अडखळतो, कारण संस्कृतातला ‘राग’ म्हणजे आसक्ती. आपल्या रागासाठी पुढे ‘क्रोध’ वेगळा आलाच आहे. ६२-६३मध्ये बिघाडाचा क्रम दिलाय: विषयांचं (इंद्रियांना ओढणाऱ्या गोष्टींचं) चिंतन, मग आसक्ती, काम (म्हणजे वासना), क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी माणसाचाच नाश. म्हणजे आवरायचं ते चिंतनाच्या पायरीवरच. क्रोधापर्यंत आल्यावर फार उशीर झालेला असतो.

लिहिताना वाक्यात दोन गोष्टी दिसतात का ते तपासा: मनाला बसलेला धक्का आणि तरीही शाबूत राहिलेला विवेक. ‘पाच गडी झटपट बाद झाले, तरी ती स्थितप्रज्ञपणे एकेक धाव जोडत राहिली’ हे चालेल. ‘बॉस ओरडला तरी हा स्थितप्रज्ञ, काम तसंच पडलेलं’ इथे सरळ ‘कोडगा’ लिहा. धक्काच नसेल तर ‘शांत’ पुरे. ‘खड्ड्यांबाबत पालिका स्थितप्रज्ञ’ हा उपरोध म्हणून ठीक, पण आता गुळगुळीत झालाय.

‘थि’ ऱ्हस्वच. ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असला तरी टंकताना ज, मग पायमोड, मग ञ. विशेषण म्हणून शब्द बदलत नाही (स्थितप्रज्ञ बाईने); नाम म्हणून बदलतो (स्थितप्रज्ञाची लक्षणं).