गावात जवानांसाठी दहनभूमी आणि स्मृतिस्थळ उभारायचे असल्यास शासकीय निधी कसा मिळवावा

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीची ओळखच सैनिकांमुळे आहे, आणि कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतही पिढ्यान्‌पिढ्या फौजेत भरती होणारी घराणी आहेत. अशा गावात जवानाचे पार्थिव येते तेव्हा नेहमीची स्मशानभूमी गर्दीला पुरत नाही. मग शाळेचे मैदान किंवा गायरान रातोरात सपाट करून तेथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले जातात, आणि काही दिवसांनी त्याच जागी चौथरा व स्तंभ व्हावा, अशी मागणी ग्रामस्थ करतात. ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. ती रखडते तेव्हा अडचण बहुधा पैशांची नसून जागेची असते, म्हणून निधीचा अर्ज लिहिण्याआधी जागेचा प्रश्न मिटवावा.

प्रथम त्या जागेच्या गट क्रमांकाचा सातबारा काढून जमीन कोणाच्या नावावर आहे, हे पाहावे. गायरान ग्रामपंचायतीच्या देखरेखीखाली असले तरी ते शासनाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनींबाबत दिलेल्या निकालानंतर राज्य शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढून गायरानाच्या वापरावर कडक बंधने घातली. त्यामुळे ‘अंत्यसंस्कार इथेच झाले’ एवढे कारण पुरत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावातील शासकीय जमीन दहनभूमी किंवा दफनभूमीसाठी राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, मोजणीचा नकाशा आणि गावात दुसरी योग्य जागा का नाही याचे स्पष्ट कारण जोडून प्रस्ताव तहसीलदारांमार्फत पाठवावा. खाजगी जागा कोणी देत असेल तर तोंडी शब्दावर किंवा साध्या संमतिपत्रावर न थांबता नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्यावे, कारण देणाऱ्याचे मन मोठे असले तरी वारसांच्या वाटणीत तीच जमीन वादात सापडू शकते. आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे, ती म्हणजे पूररेषा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी कुठवर आले होते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. त्या खुणेच्या वरचीच जागा निवडावी.

निधी मागताना दहनभूमी आणि स्मारक यांचे दोन स्वतंत्र प्रस्ताव करावेत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. दोन्ही कामे ‘शहीद स्मारक’ या एकाच नावाखाली घातली, तर जे काम सहज मंजूर झाले असते तेही अडून राहते. दहनशेड, चौथरा, पोहोच रस्ता आणि कुंपण ही कामे ‘ग्रामपंचायतींना जनसुविधांसाठी विशेष अनुदान’ या योजनेत बसतात आणि त्यांचा निधी जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीने मिळतो. वित्त आयोगाच्या निधीचाही येथे उपयोग होतो. १५ व्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के अनुदान पाणी व स्वच्छतेला बांधून दिले आणि ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळे ठेवले, म्हणून त्या काळातील निधीत नळजोडणी व स्वच्छतागृह बांधील भागात आणि उरलेले किरकोळ काम मोकळ्या भागात दाखवता येते; मात्र ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधीच घेतलेली असली पाहिजेत. स्मारकासाठी ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातील खर्चाच्या सदराखाली) आमदारांमार्फत मागणी करावी. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत स्मारकांचे बांधकाम दीर्घकाळ वर्ज्य कामांत राहिले आहे, तर स्मशानभूमीचे काम तेथे चालते, हे लक्षात ठेवून कोणाकडे काय मागायचे ते ठरवावे.

अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातील अभियंत्याकडून करून घ्यावे आणि तांत्रिक व प्रशासकीय मान्यता मिळाल्याशिवाय दगडसुद्धा विकत घेऊ नये, कारण आधी सुरू केलेल्या कामाची रक्कम नंतर मंजूर करून घेणे जवळजवळ अशक्य असते.

पुतळ्याचा विचार शक्यतो करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्त्यावर किंवा सार्वजनिक वापराच्या जागेत पुतळ्यास परवानगी देता येत नाही, आणि अन्यत्रही कला संचालनालयाच्या मान्यतेपासून अनेक परवानग्या लागतात. काळ्या पाषाणाचा साधा स्तंभ आणि त्यावर नावे, हे कमी खर्चाचे आहे आणि माझ्या मते अधिक गंभीरही दिसते.

नावांच्या बाबतीत मात्र कितीही वेळ लागला तरी घाई करू नये. कोणाची नावे घ्यायची, हे ग्रामसभेने आधी ठरवावे: केवळ युद्धात व चकमकीत वीरमरण आलेल्यांची, की सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने गेलेल्यांचीही. लष्कराच्या कागदपत्रांत ‘शहीद’ अशी संज्ञा नसून ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत मृत वा जखमी) अशी नोंद असते, त्यामुळे हा प्रश्न नंतर उपस्थित झाला की एखाद्या कुटुंबाला विनाकारण दुखावले जाते. सेवाक्रमांक, हुद्दा, पलटण आणि तारीख हा तपशील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून लेखी पडताळून घ्यावा, १९४७ नंतरची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरील नोंदींशी ताडून पाहावीत, आणि कोरण्यापूर्वीचा मसुदा वीरमाता, वीरपिता व वीरनारी यांना वाचून दाखवावा. आमच्या भागात एका फलकावर हुद्दा चुकला होता आणि तो उद्घाटनाच्या दिवशी जवानाच्या भावाच्या लक्षात आला. दुरुस्ती झाली, परंतु त्या घराला झालेले दुःख आजही मला विसरता येत नाही.

देखभालीची तरतूद अर्जातच लिहावी. अमेरिकेत १९७८ पासून माजी सैनिकांच्या दफनभूमीसाठी राज्यांना केंद्रीय अनुदान दिले जाते. मंजूर प्रकल्पाचा संपूर्ण बांधकाम खर्च त्यातून मिळू शकतो, मात्र जमीन राज्याची स्वतःची असावी लागते आणि पुढची निगा राज्यानेच ठरलेल्या दर्जानुसार राखावी लागते. आपल्या योजनांत अशी अट इतक्या स्पष्टपणे घातलेली नसली, तरी ग्रामपंचायतीने ती स्वतःवर घालून घ्यावी. त्यासाठी जागेची व बांधकामाची नोंद स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत करावी, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात गवत काढणे, पाणी, वीज आणि अक्षरांची रंगदुरुस्ती यांसाठी वेगळी रक्कम ठेवावी, आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि सशस्त्र सेना ध्वजदिन (७ डिसेंबर) यांच्या आठवडाभर आधी जागेची पाहणी करण्याचे काम गावातील माजी सैनिक संघटनेकडे ठरावाने सोपवावे.