मुंबईच्या धबडग्यात रोजचं नामस्मरण कसं करावं

नामस्मरण शिकवणाऱ्यांचा पहिला सल्ला ठरलेला: पहाटे चारला उठा, शांत जागा शोधा, मन एकाग्र करा. रात्री अकराला कामावरून परतणाऱ्या, दोन खोल्यांत पाच जणांसोबत राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच जमत नाही. मग तो ठरवतो की अध्यात्म आपल्यासाठी नाही. याचा मला राग येतो. नाम उच्चारायला काळवेळ नाही, असं ज्ञानदेवांनी हरिपाठात स्वच्छ सांगितलं आहे. तेव्हा ब्रह्ममुहूर्ताची अट आधी डोक्यातून काढा.

नाम ठरवा. घरात चालत आलेलं असेल तर तेच घ्या, नसेल तर ‘राम कृष्ण हरी’ घ्या किंवा गोंदवलेकर महाराजांनी घरोघरी पोचवलेला ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी जप घ्या. एकदा ठरलं की बदलायचं नाही. दीक्षेसाठी अडून बसू नका.

वेळ ठरवताना रोज न चुकणारं एखादं काम धरा. सकाळी नळाला पाणी येतं, पिंप भरेपर्यंत कुणीतरी तिथे थांबतंच. तेवढ्यात एक माळ होते. तेरा अक्षरी जपाच्या 108 आवर्तनांना पाच-सहा मिनिटं पुरतात. सुरुवातीला एकच माळ करा. पहिल्याच दिवशी अकरा माळांचा संकल्प करणारे थोड्याच दिवसांत माळ खुंटीला लावतात.

माळ मधल्या बोटावर घ्यावी, मणी अंगठ्याने ओढावा, तर्जनी लावू नये आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, न ओलांडता तिथून उलट फिरावं. प्रवासात माळ नको, धक्काबुक्कीत तुटते. चार बोटांची बारा पेरं नऊदा मोजली की 108 होतात.

आता खरा अवघड भाग. पहिले काही दिवस छान वाटतं. मग ओठ नाम घेत राहतात आणि मन ऑफिसातल्या वादात, घराच्या हप्त्यात, मुलाच्या दहावीत. माळ संपते तेव्हा त्यातलं एकही नाम घेतल्याचं आठवत नाही. इथे मी फार काळ अडकले होते. ज्याला विचारावं तो एकच सांगे: मन आवर. मन आवरायला गेलं की आवरणारा आणि पळणारा असे दोघे आतच भांडायला लागतात, आणि नाम बाजूला राहतं. हा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करा आणि सोडून द्या.

मनाला काम द्यायचं, आणि ते काम म्हणजे ऐकणं. जपाचे तीन प्रकार सांगतात: मोठ्याने उच्चारलेला वाचिक, ओठांतल्या ओठांत होणारा उपांशु आणि मनातल्या मनातला मानसिक. मानसिक जप सर्वांत श्रेष्ठ म्हटला आहे, म्हणून नवे लोक थेट तिथूनच सुरुवात करतात. ते करू नका. मनातलं नाम आणि मनातला विचार एकाच जागेसाठी झगडतात, आणि विचार जुना, मुरलेला असतो, तोच जिंकतो. तोंडाने घेतलेलं नाम कानावर पडतं, आणि कानावर पडणारं धरून ठेवता येतं. म्हणून कितीतरी महिने स्वतःला ऐकू येईल अशा आवाजातच घ्या. पहिल्या ‘श्री’पासून शेवटच्या ‘राम’मधल्या ‘म’पर्यंत प्रत्येक अक्षर ऐका. तो ‘म’ गिळला जाऊ लागला की मन निघालं असं समजा आणि वेग कमी करा.

मन भटकलं हे लक्षात आल्यावर पुढचं नाम जरा स्पष्ट घ्यायचं, इतकंच. कुठे गेलं होतं, किती वेळ गेलं होतं, याचा तपास नको. तपास म्हणजे पुन्हा भटकणंच. स्वतःवर चिडू नका. माळ पहिल्यापासून सुरू करू नका, हातात असलेल्या मण्यावरून पुढे जा. एका माळेत पन्नासदा मन गेलं तरी ती माळ वाया गेली नाही, कारण पन्नासदा ते नामावर परत आलं.

कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, मंडळाचे स्पीकर हे राहणारच. खरं तर मोठ्याने जप करायला मुंबईत लोकलसारखी जागा नाही. गाडीच्या खडखडाटात तुमचा आवाज शेजारच्याला जात नाही, तुम्हाला मात्र येतो. फक्त आत नीट उभं राहायला मिळालं तरच. दारात उभं राहून जप करू नका.

प्रकाश दिसला का, अंगावर रोमांच आले का, असले हिशोब मांडू नका. घरी उलट उत्तर देण्याआधी क्षणभर थांबता येतंय का, ते पाहा. दिवसभर आपण कुणाचे नोकर, कुणाचे ग्राहक, रांगेतला एक नंबर असतो. त्या पाच मिनिटांत कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. इतका निखळ आनंद मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. पण झोपच उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. नाम औषधासोबत घ्या, औषधाऐवजी नाही.

खंड पडला तर दुसऱ्या दिवशी दोन माळा करून भरपाई करू नका. पाळी आहे, सुतक आहे म्हणून नाम थांबवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

काही महिन्यांनी सोबत शोधा. काही लोकलच्या डब्यांत रोज भजनं होतात, तिथे उभं राहा. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढीच्या रांगेत नव्हे, एखाद्या साध्या दिवशी जा. कुठे हरिपाठ चालू असेल तर टाळ धरणाऱ्यांच्या मागे बसा. 27 अभंग पाठ नसले तरी ध्रुपदाला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीला, साथ देता येते.