चहा कमी करायचाय? संध्याकाळची कटिंग आधी सोडा
ठाणे-वाशी लोकलने घरी येताना स्टेशनबाहेर कटिंग मारायची सवय असेल तर आधी तीच सोडा, सकाळचा चहा राहू दे. चहातलं कॅफिन मेंदूतल्या अ‍ॅडेनोसिनच्या (थकवा आलाय हे मेंदूला कळवणारं रसायन) जागा अडवून बसतं, म्हणजे थकवा जात नाही, नुसता कळत नाही, आणि साधारण ५ तासांनीही निम्मं अंगात असतंच, मग रात्री १२ ला पंख्याकडे बघत पडायचं. एकदम बंद करू नका, मी केलं होतं, दुसऱ्या दिवशी ऐरोलीपर्यंत डोकं नुसतं ठणकत होतं. तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. कॉफीवर उडी मारून फायदा नाही, तिच्यात जास्तच असतं. १५व्या शतकात येमेनचे सूफी रात्रभर जागून नामस्मरण करायला तीच प्यायचे! आल्या-गवती चहाचा काढा चालेल, फक्त त्यात चहापावडर टाकू नका म्हणजे झालं.