‘उद्या देते’ ही सवय कशी सोडवायची

मी मानसशास्त्रात बी.ए. केलं आणि गेली एकोणीस वर्षं नौपाड्यात ब्लाऊज शिवते. लोकांना गंमत वाटते. पण अंगावर घेतलेलं काम टाळायचं कसं, हे शिवणकाम करणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक असणार?

मागच्या लग्नसराईत एका काकूंनी पैठणीचा ब्लाऊजपीस दिला. मुलीच्या लग्नात नेसायची साडी. चुकीचा कापला तर दुसरा मिळणार नाही. तो अकरा दिवस पिशवीत पडून होता. त्या अकरा दिवसांत मी रिळं रंगांप्रमाणे लावली, मशीनला तेल दिलं, जांभळी नाक्यावर जाऊन नको असलेलं अस्तर आणलं आणि नऊ साड्यांना फॉल लावले. एवढं काम करणाऱ्या बाईला आळशी कसं म्हणणार?

म्हणून आधी स्वतःला आळशी म्हणणं बंद करा. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलं की टाळाटाळीच्या मुळाशी वेळेच्या हिशोबापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याची धडपड असते. मला ब्लाऊज नको नव्हता. तो पीस टेबलावर पसरला की पोटात जो गोळा यायचा, तो नको होता.

आता आपण अडकतो कुठे ते बघा. काकूंचा फोन यायचा, ‘झाला का गं?’ मी म्हणायचे, ‘उद्या देते.’ फोन ठेवला की छाती हलकी. तेवढी सुटका मनाला पुरते, आणि पुढच्या वेळी ‘उद्या’ आणखी लवकर तोंडात येतं. एखादी गोष्ट केल्यावर त्रास टळला की ती गोष्ट आपण पुन्हा करतो, याला मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या शास्त्रात नकारात्मक प्रबलन म्हणतात. शिक्षा वेगळी, तिने वागणं कमी होतं. परीक्षेत मी दोन्हींची गल्लत केली होती, आणि तेव्हा गेलेले मार्क अजून सलतात. तर फोन ठेवल्यावर जे हलकं वाटतं, ते एकदा नीट पकडा. आपण काम नाही, सुटका कमावतोय, हे तिथेच दिसतं.

मग ‘कंटाळा’ हा शब्द आठवडाभर बंद. मराठीत आपण सगळंच त्या एका पिशवीत कोंबतो. मापांच्या वहीत त्या कामासमोर खरं काय वाटतंय ते एका शब्दात लिहा. मी पैठणीसमोर लिहिलं ‘भीती’. तिसऱ्यांदा गळा बदलून मागणाऱ्या बाईंच्या ब्लाऊजसमोर ‘राग’. मीच मुंढा बिघडवलेल्या एकासमोर ‘लाज’. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या मेंदूचित्रणाच्या प्रयोगात, भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. वहीचा मला झालेला उपयोग मात्र साधा आहे. शब्द कळला की उपाय बदलतो. राग असेल तर आधी पैशांचं बोलून घ्या. लाज असेल तर उसवायला घ्या, उसवताना हात आपोआप पुढे जातो. शीण असेल तर झोपा, त्याला मानसशास्त्र लागत नाही.

भीती असेल तर स्वस्त कापडावर आधी चुका. आमच्याकडे अस्तर आधी कापतात ते उगाच नाही. ते बेतून बघायचं, मग पैठणीवर ठेवून कडेने खडू फिरवायचा.

वेळ ठरवताना ‘दुपारी करेन’ म्हणू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांची ‘जर-तर’ पद्धत वापरा: अमुक झालं की मी तमुक करणार. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसत्या इच्छेपेक्षा जर-तर बरंच वरचढ ठरलं. माझं पहिलं जर-तर फसलं. ‘चहा झाला की खडू घेणार’ असं ठरवलं, पण आमच्याकडे चहा संपत नाही, शेजारच्या वहिनी येतात. मग ठरवलं, भांडीवाल्या मावशींनी जाताना दार ओढलं की खडू हातात. तो आवाज माझ्या हातात नाही, म्हणूनच चालला. आणि ठरवलेलं फक्त खडू घेण्यापुरतं, कात्रीचं नाव काढायचं नाही.

झालेल्या उशिरासाठी स्वतःला माफ करा. पिचिल यांच्याच २०१० च्या अभ्यासात ११९ विद्यार्थी होते. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची दुसऱ्या वेळची टाळाटाळ कमी झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘हे बरंय, चूक आपली आणि माफीही आपलीच!’ बरोबर आहे त्यांचं. म्हणून माफी स्वतःला, पण गिऱ्हाइकाला खरी तारीख. मी फोन केला, ‘काकू, मला कापायचीच भीती वाटतेय, शुक्रवारी देते.’ त्या हसल्या, ‘अगं, मला तर नेसायची वाटतेय!’

गुरुवारी दार ओढल्याचा आवाज आला. दोन्ही बाह्यांवरचे मोर समोरासमोर यावेत म्हणून पीस दोनदा फिरवला, टाचण्या लावल्या, खडू मारला आणि कापला.

सध्या पिशवीच्या तळाशी नवऱ्याची पँट आहे, चार महिने झाले. वही उघडून प्रामाणिकपणे विचार केला. भीती नाही, राग नाही, लाज तर मुळीच नाही. तो मात्र कंटाळाच आहे.