दाहशामक वनस्पतींची चाचणी : या चुका टाळा

पहिली चूक प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच होते. बाजारातून ‘रास्ना’ ही औषधी वनस्पती आणली जाते, पुडीवरचे नाव तसेच प्रबंधात उतरते आणि ही कोणती रास्ना, असे कोणी विचारत नाही. उत्तर भारतात या नावाने प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, केरळात कोलिंजन, तर बंगालात वांडा हे ऑर्किड. तिन्हींची कुळेसुद्धा निराळी आहेत. मी फुलोऱ्यासह फांदी दाबून वाळवतो, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रातून ओळख पटवून घेतो आणि नमुना क्रमांक हाती येईपर्यंत अर्काला हात लावत नाही. एवढा धीर नसणाऱ्यांनी सरळ विषय बदलावा.

दुसरी चूक मला सर्वाधिक छळते. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी निर्गुंडीच्या पानांच्या अर्काचा आलेख घेऊन आली. उंदराच्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना लिपोपॉलिसॅकराइड या जिवाणूंच्या आवरणातील घटकाने चिथवून तिने ग्रीस अभिकर्मकाने नायट्राइट, म्हणजे दाहात पेशी बनवतात त्या नायट्रिक ऑक्साइडची खूण, मोजले होते. मात्रा वाढेल तसे ते उतरत जाऊन दर मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम अर्काला जवळजवळ शून्यावर आले होते. परिषदेसाठी सारांशही धाडून झाला होता. पेशी जिवंत होत्या का, असे विचारल्यावर ‘एमटीटी नंतर करणार आहे’ असे उत्तर मिळाले; एमटीटी म्हणजे जिवंत पेशी ज्याला जांभळे करतात त्या रंगद्रव्याची चाचणी. थाळी टाकून दिलेली नव्हती, म्हणून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा तळाला चिकटून असायला हव्या होत्या त्या पेशी गोल होऊन माध्यमात तरंगताना दिसल्या. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड कुठून बनवणार? सारांश मागे घ्यावा लागला.

तेव्हापासून माझ्याकडे पहिला आठवडा फक्त एमटीटीचा असतो आणि ज्या मात्रेला नव्वद टक्क्यांहून कमी पेशी तगतात, ती मात्रा पुढे जात नाही. मात्र एमटीटीही फसवते, कारण पॉलिफिनॉलयुक्त अर्क पेशी नसतानाही तिला जांभळे करू शकतो. म्हणून थाळीच्या एका खळग्यात पेशींविना नुसता अर्क ठेवावा आणि एमटीटी घालण्यापूर्वी बाकीचे खळगे बफरने धुवावेत.

अर्क विरघळवणारे डीएमएसओ सर्व खळग्यांत, अर्क नसलेल्या नियंत्रणातही, सारखेच असावे.

अंड्याचा पांढरा बलक तापवून ‘दाहशामक गुण सिद्ध झाला’ असे लिहिणे थांबवावे. प्रथिन गोठले नाही, एवढेच त्यातून कळते.

उंदरांवर काम करायचे तर प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्यावी. पंजात सूज आणणारे कॅराजीनन टोचल्यावर तासाभराने पंजा मोजून घरी जाणाऱ्यांना माझ्या प्रयोगशाळेत जागा नाही, कारण सुरुवातीची सूज मुख्यत्वे हिस्टामिन व सेरोटोनिनची असते आणि प्रोस्टाग्लँडिनचा टप्पा, ज्यावर इंडोमेथॅसिन हे दाहशामक औषध काम करते, साधारण तिसऱ्या तासाला रंगतो. घोट्यावर शाईची रेघ आखून पाचव्या तासापर्यंत प्रत्येक मोजणी एकाच व्यक्तीने, त्या रेघेपर्यंतच पंजा सूजमापकाच्या द्रवात बुडवून करावी.